दोन बैठकांची गाडी

जिभाऊ माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. ब्राह्मणपुरीच्या शाळेत मी रुजू झालो आणि त्यांच्या घरासमोरची खोली भाड्याने घेतली, त्या दिवशी अंगणात उभं राहून त्यांनी माझ्या मागे मातीत उमटलेले चपलांचे ठसे निरखले आणि म्हणाले, "गुरुजी, डावी टाच दुखस ना?" दुखत होती. कुरूप झालं होतं, आणि ते मी अजून बायकोलाही सांगितलं नव्हतं.

जिभाऊ म्हणजे आमच्या खानदेशात थोरल्या, मानाच्या माणसाला म्हणायचा शब्द. सगळं गाव त्यांना त्याच नावाने हाक मारी. खरं नाव मला मतदार यादी तपासायला घरोघर फिरलो तेव्हा कळलं, आणि ते इतकं भारदस्त होतं की खुद्द त्यांनाही ते परकं वाटत असावं. इथेही जिभाऊच बरं.

लग्नाच्या मांडवात शिरले की ते आधी बोट ओलं करून वारा बघत आणि मगच पंगतीत जागा धरत. वाऱ्याकडे पाठ करून बसलं की जनावराला आपला वास जातो, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की वरणभात खातानाही सुटत नसे. "पहिले वारा देखा" हे त्यांचं कुठल्याही प्रश्नावरचं उत्तर. मुलीचं स्थळ बघायचंय? पहिले वारा देखा. मिरचीवर फवारणी करायचीय? पहिले वारा देखा. दुसऱ्या सल्ल्यात निदान अर्थ तरी होता.

तरुणपणी ते शिकारी होते. तो काळ कायदा यायच्या आधीचा. वडिलांची उघडी जीप होती, एकनळी बंदूक होती, आणि शहाद्याच्या वरच्या अंगाला सातपुडा होताच. कायदा आला त्या दिवसापासून आपण ससासुद्धा मारला नाही असं ते सांगत, आणि मी ते मानतो, कारण जिभाऊंना खोटं बोलता येत नसे. कान लाल होत. डोंगरात जाणं मात्र थांबलं नाही. एखादा माग धरायचा, दिवसभर त्याच्या मागे फिरायचं, जनावर दिसलं की गुडघ्यावर हात ठेवून पाहत बसायचं आणि परत यायचं. "देखी लिधं, म्हंजे झायी शिकार," असं म्हणत.

बंदूक शेतराखणीच्या परवान्यावर घरी होती. पण निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि आपल्याकडे निवडणुकांना तोटा नाही. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा. त्यामुळे ती माहेरी कमी आणि सासरी जास्त असे. जिभाऊ तिला बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने शहाद्याला नेत, सोबत तेलाची बाटली आणि फडकं देत, आणि हवालदाराला बजावत की ओलीच्या जागी ठेवू नका. मध्ये एकदोनदा नुसते भेटून येत. एका निवडणुकीनंतर त्यांनी ती परत आणलीच नाही, परवानाही देऊन टाकला. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिले आते तठेच करमस."

या सगळ्या विद्येचा गुरू डोंगरात होता. त्याचं नाव रुमाल्या. जिभाऊंच्याच वयाचा, पावरा आदिवासी, वरच्या एका पाड्यावर राहणारा. विशीपासून दोघं बरोबर फिरले. ठसा कसा वाचायचा, ओल्या मातीतला किती वेळाचा, वाळलेल्यातला किती दिवसांचा, हे त्याने शिकवलं. काठी गावच्या होळीला दोघं पाड्यावरून चालत जात. रुमाल्या कमरेला भोपळे बांधून पहाटेपर्यंत नाचे आणि जिभाऊ त्याचा सदरा सांभाळत बसत. सांगताना जिभाऊंच्या बोलण्यात रुमाल्या सतत असे. दिसायचा मात्र क्वचित. आला तर ओट्याच्या खालच्या पायरीवर उकिडवा बसे, त्याच्यासाठी कोनाड्यात वेगळा ठेवलेला कप स्वतःच काढून घेई, चहा पिऊन स्वतःच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवी. मी हे पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं. कुणाला त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नव्हतं, मलाही नाही.

मग एका पावसाळ्यात रुमाल्या नाल्यात घसरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. पाड्यावरच्या माणसांनी बांबूला झोळी बांधून त्याला सडकेपर्यंत उतरवलं. जिभाऊंचा मुलगा कार घेऊन नाशिकला गेला होता, म्हणून जिभाऊंनी ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत कडबा अंथरला आणि त्याला दवाखान्यात आणलं. वाटेत खड्ड्याखड्ड्याला तो मागे कण्हत होता आणि हे मान वळवून वळवून "काय रे, काय रे" विचारत होते. दवाखान्यात नर्सने कागद भरताना विचारलं, पेशंट तुमचे कोण? जिभाऊ शेवटी म्हणाले, "तो मन्हा मांगे ऱ्हास." नर्स हसली. तिने 'शेजारी' लिहिलं.

ही हकिकत त्यांनी मला ओट्यावर तीनदा तरी सांगितली. तिन्ही वेळा 'शेजारी' या शब्दापाशी थांबले. वडील जीप चालवायचे तेव्हा शेजारी पाहुणा, मागे जिभाऊ, आणि त्याच्याही मागे, बाहेर लोखंडाला धरून उभा रुमाल्या. पुढे जिभाऊ चालवायला लागले तरी तो मागेच. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बस म्हटलं तर ट्रॉलीत बसायचा. "माले कधी वाटनंच नई गुरुजी, का हाऊ मांगे काबर ऱ्हास," असं म्हणत.

खुबा बरा झाला म्हणायचा, पण चालणं गेलं. झोळीतूनच त्याला वर नेलं, आणि वर पोचल्यावर त्याने जाहीर केलं की आता तिसऱ्यांदा झोळीत बसेन तेव्हा बोलणारा नसेन. इकडे जिभाऊंचे गुडघे गेलेले. शेवटच्या गावापर्यंत कार जात होती, पण तिथून पाडा कोसभर वर, दगडगोट्यांच्या नाल्यातून. मोटारसायकलवर टांग टाकणं दोघांनाही शक्य नव्हतं. दोन वर्षं दोन म्हातारे एकमेकांचा निरोप रुमाल्याच्या मुलीकडून घेत होते. ती बाजाराला उतरली की ओट्याशी येई आणि वरच्याचं खाली, खालचं वर करी.

अशात त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. तिकडचे लोक शिकारीला चालले होते. जीपपेक्षा लहान, छत नसलेली, पाइपांच्या पिंजऱ्याची, जाड चाकांची एक गाडी. ओढ्यातून, ओंडक्यांवरून डुलत चालली होती. मागे बंदुका उभ्या लावलेल्या आणि हरीण बांधलेलं. घरच्यांनी हरणाबद्दल काय काय लिहिलं. जिभाऊ फोन घेऊन माझ्या खोलीत आले.

"बंदूक देखू नका. हरीन देखू नका," म्हणाले. "बैठक देखा."

दोन बैठका होत्या, एका रांगेत, शेजारी शेजारी. मागे माणसाला बसायला जागाच नव्हती.

"साठ वरीस मी मान वयाडी वयाडी त्यानासंगे बोलनू," जिभाऊ म्हणाले. "आते बाजूले बठाडसू."

खरं सांगायचं तर मला ते अर्धंच कळलं. म्हाताऱ्याला नवं खेळणं आवडलं, असं मी मनात म्हटलं. तरी शोधाशोध केली. अशा गाड्या आपल्याकडेही मिळतात, मोठ्या शहरात त्यांचा विक्रेता होता. त्याच्याकडून मागणीचा अर्ज मागवला. त्याने एक अडचण सांगितली की ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, हिला आरटीओचा नंबरच मिळत नाही. जिभाऊंना उलट आनंद झाला. "माले रस्ता कोठे जोयजे? रस्ता जठे सरस, तठून तं माले जानं शे!" गाडी ट्रॉलीत चढवायची, शेवटच्या गावाच्या बांधाला ट्रॉली लावून उतरवायची आणि नाल्यात घालायची, हा बेत त्यांनी तिथल्या तिथे आखला. होळीच्या आत वर जायचं. रुमाल्याला बसवायचं आणि डोंगराच्या धारेवर, जिथे दोघं जनावराची वाट पाहत बसत, तिथे न्यायचं. बस्स.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ओट्यावर बसून आम्ही अर्ज भरला. 'वापराचा हेतू' या रकान्यापाशी जिभाऊ म्हणाले, लिखा, शिकार. मी म्हटलं, जिभाऊ, आपल्याला दोघांना धरून नेतील. त्यांनी विचार केला. "मंग लिखा, बसनं." मी 'इतर' समोर 'बसणे' असं लिहिलं. मग त्यांनी विचारलं, बाजूला बसणाऱ्याचं नाव कुठं लिहितात? तसा रकाना नव्हता. त्यांनी मला समासात लिहायला लावलं, आणि रुमाल्या नाही, रुमालसिंग असं पूर्ण. ते नावही त्या दिवशी मला पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी जिभाऊंचा मुलगा भेटला. वाईट माणूस नाही. बापाची काळजी करणारा, शेती नीट सांभाळणारा. "सर, तो फॉर्म पाठवू नका," म्हणाला. "ऐंशीचं वय. नाल्यात गाडी उलटली तर वर कोण आहे? तुम्ही म्हणा, वेटिंग आहे. दोन महिन्यांत विसरतील."

त्याचं म्हणणं मला पटलं. अगदीच पटलं नसतं तरी मी मान हलवली असती, कारण तो आमच्या शाळेच्या संस्थेत संचालक होता आणि मला गावाजवळच राहायचं होतं. माझ्या गावी, कोरीटला, आई एकटी असे. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीच कामाचं नाही. अर्ज मी कपाटात, परीक्षेच्या जुन्या पेपरांखाली ठेवला.

"नंबर कितवा?" जिभाऊंनी विचारलं.

"सत्तेचाळीसावा," मी म्हणालो. कुठून आला तो आकडा कुणास ठाऊक. माझे कान लाल झाले नाहीत.

एकदा आकडा दिला की तो उतरवावा लागतो, हे माझ्या लक्षात नंतर आलं. पंधरा दिवसांनी ते विचारत, आणि मी म्हणे, एकतीस. मग एकोणीस. जिभाऊंनी तो आकडा गावभर केला. पानटपरीवर, दूध डेअरीवर लोक मलाच विचारायला लागले, काय गुरुजी, जिभाऊचा नंबर कितवर आला? पपईचा पहिला तोडा झाला तेव्हा त्यांनी माझ्या दारात निवडून निवडून चार पपया ठेवल्या. गुरुजी आपल्यासाठी फार धावपळ करतात, असं ते सगळ्यांना सांगत.

ओट्यावर त्यांनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. उजवीकडच्या खुर्चीत ते स्वतः बसत, समोर बघत, आणि मान न वळवता बोलायचा सराव करत. डाव्या खुर्चीत एकदा मी सहज टेकलो, तर म्हणाले, "ती बैठक दियेल शे, गुरुजी." मी उठलो आणि कठड्यावर बसलो.

त्याच दिवसांत त्यांनी गाडीची रुंदी विचारली. माहितीपत्रकात होती. पाच फुटांना थोडी कमी, म्हणजे सव्वातीन हात. त्यांनी अंबाडीची दोरी तेवढी मोजली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि रुमाल्याच्या मुलीबरोबर वर पाठवून दिली. या दोरीचं तो काय करणार, म्हणून मला हसू आलं होतं. जिभाऊ म्हणाले, "त्याले समजी."

थांबवता आलं असतं. एकोणीसवर असताना एका संध्याकाळी मी कपाटातून अर्ज काढलाही होता. वाटलं, पाठवून द्यावा, मुलगा काय करील ते करील. मग वाटलं, होळी झाली की उन्हाळा लागेल आणि विषय आपोआप मागे पडेल. परत ठेवून दिला. कपाटाचं दार बंद केल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

होळीला आठवडा होता. शनिवारची शाळा सुटल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. नुकताच नववा नंबर सांगून झाला होता आणि जिभाऊ खुशीत होते. रुमाल्याची मुलगी फाटकातून आत आली. सवयीने जिभाऊंनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. अंगणभर तिची चाल पाहिली आणि त्यांचं हसू गेलं. काय निरोप आणला, असं ते नेहमी विचारत तसं त्यांनी विचारलं नाही.

"बा गया, जिभाऊ," ती म्हणाली. "चार दिन झायात."

ती उभ्या उभ्या सांगत राहिली. ताप आला होता, जास्त दिवस नाही पडला. खाट मात्र महिनाभर दाराबाहेरच घालायला लावत होता. दुपारी खालून कसला आवाज आला की सगळ्यांना गप्प करायचा. दोरी पोचली त्या दिवसापासून त्याने पाड्यावरच्या माणसांना बसू दिलं नाही. नाल्यात दोरी आडवी धरायची, तिच्यात येणारा धोंडा बाजूला करायचा, मग दोन पावलं वर, परत दोरी आडवी. पहारी लावून मोठे दगड फोडले. तो वरून खाटेवरून ओरडून सांगायचा, इकडे चाक अडेल, तिकडे चाक अडेल. सडकेपासून पाड्यापर्यंत सगळी वाट झाली होती. शेवटचा दगड निघाला आणि म्हणाला, आता कधीही येऊ दे.

तिने कमरेची दोरी सोडली आणि ओट्याच्या कडेवर ठेवली. दोन्ही गाठी तशाच होत्या. मधला भाग घासून तुसं निघाली होती.

"वर ये. बठ," जिभाऊ डाव्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले. ती आली नाही. खालच्या पायरीवर बसली, बाप बसायचा त्याच जागी. जिभाऊंनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. कठड्याला धरून, एकेक पायरीला थांबत, ते खाली उतरले आणि तिच्या शेजारी बसले. गुडघे वाकताना त्यांच्या तोंडून आवाज निघाला. मग दोघं समोर बघत बसून राहिले.

त्यानंतर जिभाऊ वर्षभर होते. आता त्यांना जाऊनही बराच काळ झाला. मी त्यांना कधी सांगितलं नाही. मुलगा एकदा म्हणाला, सर, आपण त्यांच्या भल्यासाठीच केलं, आणि मी हो म्हणालो. पुढे मी विनंती करून बदली घेतली. नाल्यात गाडी उलटली असती का, मला माहीत नाही. दोन म्हाताऱ्यांना उलटायचं असतं तर त्यांनी ते शेजारी शेजारी बसून उलटायला हवं होतं, आणि ते ठरवणारा मी कोण होतो? जिभाऊ मला चांगला माणूस समजून गेले. त्यांच्याविषयी कुणी काही विचारलं की मी बंदुकीची आणि लग्नातल्या वाऱ्याची गोष्ट सांगतो, लोक हसतात. ही सांगत नाही.

त्या दिवशी पायरीवर बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली. मान वळवली नाही.

"गुरुजी, कंपनीले फोन करा. म्हना, आते नको. नववा नंबर मन्हा मांगे ज्या उभा शेतस त्यास्ले दी टाका. कोनी तरी वाट देखी ऱ्हायना व्हई."

मी मोबाइल घेऊन फाटकाबाहेर, कडुनिंबापर्यंत गेलो. कानाला लावला. बंद पडद्याशी बोललो, ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं. हो साहेब, रद्द करा, म्हणालो. धन्यवादही म्हणालो. परत आलो तेव्हा रुमालसिंगची मुलगी डोळे पुसत होती आणि जिभाऊ ती दोरी हातात घेऊन बसले होते.

"झायं?" त्यांनी विचारलं.

"झायं."

"इतला दिन त्यास्ले थांबाडं आपुन," ते म्हणाले. "राग तं नई ना उना त्यास्ले?"

"नई, जिभाऊ," मी म्हणालो. "कोनलेच राग नई उना."